पहिलं पोतं कुठलं घ्यायचं? घरच्या बिअरसाठी बेस माल्टची निवड

“दादा, जिन्याखाली पंचवीस किलोचं एकच पोतं मावेल. मॅरिस ऑटर घेऊ, साधा पेल घेऊ की सरळ पिल्सनर?”

लीड्सहून मावसभावाचा फोन. डब्यातल्या तयार पाकापासून त्याची चार वेळा बिअर करून झाली होती. त्या बिअरचं रेडीमिक्सच्या गुलाबजामसारखं असतं. वाईट नसते, पण दहा घरांत एकसारखीच लागते. आता त्याला दाण्यापासून सुरुवात करायची होती आणि दुकानाच्या साइटवर बेस माल्टच्या सदरातली वीस-पंचवीस नावं बघून तो गांगरला होता. प्रत्येक नावाखाली ‘बिस्किटासारखी चव’, ‘मधाळ’, ‘भरीव’ असंच काहीतरी. मी उलट विचारलं, “तुझ्याकडे पाणी कसं आहे? आणि तू पितोस काय?” त्याला वाटलं, मी विषय टाळतोय.

टाळत नव्हतो. मी रेडिंगला राहतो, नऊ वर्षं घरी बिअर करतोय, आणि त्यातली पहिली तीन वर्षं मी चुकीचं पोतं विकत घेत होतो. फोनवर त्याला तुटक सांगितलं ते इथे जरा सलग सांगतो. इंग्लंडात राहून पहिल्यांदा पोतं घेणाऱ्या कुणालाही ते लागू पडावं.

आधी दाण्याचं

माझ्या नेहमीच्या बिटरला (पबमध्ये मिळणारी कडसर इंग्लिश बिअर), वीस लिटरसाठी, सव्वाचार किलो दाणे लागतात. त्यातले चार किलो बेस माल्ट. उरलेला पाव किलो क्रिस्टल माल्ट, रंगाला आणि थोड्या कॅरमेलच्या चवीला. गंमत अशी की नवशिका माणूस त्या पाव किलोवर आठवडाभर विचार करतो आणि चार किलो ‘कुठलाही चालेल’ म्हणून टोपलीत टाकतो. आमटीच्या फोडणीवर वाद घालायचा आणि डाळ नवी की जुनी हे बघायचंच नाही, तसं.

ज्याच्या घरी नाचणीचं सत्त्व व्हायचं त्याला माल्ट म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मंद भाजून दळायची. अशा नाचणीची पेज साध्या नाचणीपेक्षा पातळ आणि गोडसर होते, कारण मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि ती पिठाची साखर करतात. जवाचं अगदी हेच. जव साधारण दोन दिवस भिजवून दाण्यातलं पाणी ४५ टक्क्यांच्या आसपास नेतात, चार-पाच दिवस मोड येऊ देतात, मग भट्टीत वाळवतात. पिल्सनर माल्टची भट्टी ८० ते ८५ अंश सेल्सिअसवर थांबवतात, इंग्लिश पेल माल्टची त्याहून जरा वर नेतात, म्युनिक माल्टची १०० च्या पुढे. उष्णता वाढते तसा रंग आणि भाजलेपणा वाढतो, एन्झाइम मात्र मरतात. ज्या माल्टमध्ये स्वतःची साखर करून वर इतरांनाही पुरतील इतकी एन्झाइम शिल्लक राहतात तो बेस माल्ट. क्रिस्टल किंवा काळ्या भाजलेल्या माल्टमध्ये ती उरत नाहीत, म्हणून ते नुसते मसाल्यासारखे वापरायचे.

मॅरिस ऑटर की साधा पेल

निम्म्याहून जास्त लोकांचा खरा प्रश्न हा असतो, तेव्हा इथे जरा थांबू.

‘पेल एल माल्ट’ एवढंच लिहिलेल्या पोत्यात हल्ली बहुधा प्लॅनेट, लॉरिएट अशी नवी वाणं असतात. शेतकऱ्याला एकरी उतारा चांगला, माल्ट करणाऱ्याला काम सोपं, ब्रुअरीला साखर भरपूर. मॅरिस ऑटरचं उलट आहे. उतारा कमी, म्हणून तो लावायला शेतकऱ्याला जादा भाव द्यावा लागतो आणि तो भाव पोत्यावर चढतो.

हे वाण केंब्रिजच्या प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटमध्ये प्रॉक्टर आणि पायोनियर या दोन वाणांच्या संकरातून तयार झालं आणि १९६५ च्या सुमारास शेतात आलं. संस्था ट्रम्पिंग्टनमधल्या मॅरिस लेनवर होती, म्हणून नावात मॅरिस. बटाटेवड्याला आपण इथे जो मॅरिस पायपर बटाटा आणतो तोही त्याच गल्लीतला. पुढे जास्त उताऱ्याची वाणं आली आणि ऐंशीच्या दशकाअखेरीस मॅरिस ऑटर जवळजवळ संपलाच होता. बियाण्याच्या दोन व्यापाऱ्यांनी शुद्ध बी राखून तो परत उभा केला. साठ वर्षांपूर्वीचं वाण अजून शेतात टिकून आहे, हे जवाच्या धंद्यात विरळाच.

चवीचं काय? ताज्या मॅरिस ऑटरचं पोतं उघडलं की हॉर्लिक्सचा डबा उघडल्यासारखा वास येतो. यात अतिशयोक्ती नाही. हॉर्लिक्समध्येही माल्ट केलेला जवच असतो. (माझ्या घरापासून अर्ध्या तासावर स्लाऊला हॉर्लिक्सची लाल विटांची जुनी फॅक्टरी आहे. आता तिथे फ्लॅट झालेत.) बिअरमध्ये हा वास बिस्किट आणि पावाच्या कडेसारखा उतरतो. साध्या पेलमध्येही तो असतो, पण एक पायरी खाली.

ही एक पायरी खरंच कळते का, हे बघायला मी एकदा दोन भांड्यांत एकाच दिवशी एकच बिटर केली. एकीत मॅरिस ऑटर, एकीत साधा पेल; हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) दोन्हींत ईस्ट केंट गोल्डिंग्ज, यीस्ट एकाच पाकिटातलं. पाच मित्रांपुढे तीन-तीन पेले ठेवले, दोन एकाच बिअरचे आणि एक दुसरीचा. वेगळा पेला तिघांनी ओळखला. नुसता अंदाज ठोकला तरी पाचांत एक-दोघांचं बरोबर येणारच, तेव्हा तीन म्हणजे फार मोठा पुरावा नाही. पण ओळखणाऱ्या तिघांनीही फरक कुठे आहे ते नेमकं सांगितलं: घोट गिळल्यानंतर मागे राहणाऱ्या चवीत. मग तोच खेळ लिंबू-संत्र्याच्या वासाच्या अमेरिकन हॉप्स भरभरून घातलेल्या आयपीएवर केला. तिथे एकाने ओळखला, आणि त्यानेही नंतर कबूल केलं की ठोकून दिलं होतं.

माझं मत तिथेच ठरलं. बिटर, माइल्ड, हलकी इंग्लिश एल (एल म्हणजे उबेत आंबवलेली बिअर), थोडक्यात जिथे हॉप्स मागे उभे राहतात, तिथे मॅरिस ऑटर घ्या. आयपीए करणाऱ्याने साधा पेल घ्यावा आणि उरलेले पैसे हॉप्सवर घालावेत.

तसे पैसेही फार नाहीत. मॅरिस ऑटरच्या पोत्याला पाच पौंड जास्त पडले असं धरू. एका पोत्यात सहा बिअरी होतात, म्हणजे बिअरीमागे ऐंशी पेन्स. वीस लिटर म्हणजे पस्तीस पाइंट. पाइंटमागे सव्वादोन पेन्सचा फरक. ‘परवडत नाही’ हे कारण कुणी देऊ नये.

गोल्डन प्रॉमिस, म्हणजे उत्तरेचं उत्तर

स्कॉटलंडमध्ये १९६० च्या दशकात आलेलं हे वाण मेथॉर्प नावाच्या जुन्या वाणावर गॅमा किरण सोडून मिळालं. ताट बुटकं, वाऱ्यात लोळत नाही, लवकर पिकतं. व्हिस्कीवाल्यांनी ते दोन दशकं डोक्यावर घेतलं होतं. आज कमी पिकतं, पण कीथलीची टिमोथी टेलर ब्रुअरी आपल्या बिअरींना अजून तेच वापरते. मावसभावाची आवडती बिअर, लँडलॉर्ड, त्यांचीच. मॅरिस ऑटरपेक्षा गोडवा किंचित जास्त, बिस्किटपणा कमी, शेवट स्वच्छ. बरेच लोक याला ‘मॅरिस ऑटरची स्वस्त बहीण’ म्हणतात ते मला पटत नाही. स्वस्त तर ती नाहीच, आणि स्वभावही वेगळा आहे. हलक्या सोनेरी एलला मी आता हाच वापरतो.

पिल्सनर: सगळ्यात लवचिक, सगळ्यात हट्टी

पिल्सनर माल्टचा रंग ३ ते ४ ईबीसी (रंगाचं युरोपीय माप), इंग्लिश पेलचा ५ ते ७. आकड्यांत फरक थोडा दिसतो, पेल्यात मात्र गवती पिवळा आणि सोनेरी असा स्पष्ट उतरतो. चव मऊ, ओल्या पिठासारखी, थोडी मधाची. हा माल्ट लवचिक का, तर रंग चढवता येतो, उतरवता येत नाही. पिल्सनरच्या पोत्यात दहा टक्के म्युनिक मिसळा, पेल माल्टच्या बराच जवळ जाल. पेलच्या पोत्यातून पिल्सनर कधीच निघणार नाही. लागर (थंडीत आंबवलेली बिअर), बेल्जियन ब्लॉन्ड, गव्हाची जर्मन बिअर, सेझाँ, हे सगळं एका पोत्यात करायचं असेल तर दुसरा पर्यायच नाही.

हट्टीपणा दोन गोष्टींत. भट्टी कमी तापवल्यामुळे दाण्यात एक गंधकयुक्त द्रव्य शिल्लक राहतं आणि वर्ट, म्हणजे दाण्यांतून काढलेलं गोड पाणी, तापलं की त्यातून उकडलेल्या कणसाचा वास सुटतो. पावसाळ्यात चौपाटीवर हाच वास छान वाटतो, लागरमध्ये नाही. उपाय सोपा: झाकण उघडं ठेवून दणदणीत उकळायचं, साठऐवजी नव्वद मिनिटं, आणि मग लवकर थंड करायचं. पेल माल्टमध्ये हे द्रव्य भट्टीतच बरंचसं उडून गेलेलं असतं, म्हणून तिथे साठ मिनिटं पुरतात. दुसरा हट्ट पाण्याचा. त्याकडे येतोच.

जर्मन पिल्सनर माल्टपैकी इथे सहज मिळणारा म्हणजे बाम्बेर्गच्या वायरमान कंपनीचा. कंपनी १८७९ पासूनची. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, युरोपातल्या दुकानातून थेट पोतं मागवण्यात कस्टम्सची कटकट आणि खर्च आहे. इथल्याच आयातदाराचा माल इथल्याच दुकानातून घ्यावा. इंग्लिश माल्टवालेही ‘लागर माल्ट’ विकतात, तो जरा स्वस्त असतो आणि रोजच्या लागरला चालून जातो.

व्हिएन्ना आणि म्युनिक

पहिलं पोतं म्हणून हे घेऊ नका. म्युनिक स्वतःची साखर कशीबशी करतो, इतरांना द्यायला त्याच्याकडे फारसं उरत नाही, आणि त्याची पावाच्या कवचासारखी चव प्रत्येक बिअरमध्ये घुसते. पाच किलोची पिशवी पुरे.

गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. १८३३ मध्ये व्हिएन्नाचा आंटोन ड्रेहर आणि म्युनिकचा गाब्रिएल झेडलमायर हे दोन तरुण इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या ब्रुअरी बघायला आले आणि पोकळ काठी वर्टमध्ये बुडवून गुपचूप नमुने नेले. इंग्लिश भट्ट्यांमधलं तंत्र आपल्या गावी नेऊन दोघांनी पुढे आपापले लागर काढले. व्हिएन्ना आणि म्युनिक ही माल्टची नावं त्या दोघांच्या गावांवरून आली.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक ओळ: तुमच्याकडचा ‘टू-रो’ म्हणजे आमचा साधा पेलच, चवीला आणखी कोरा, पण एन्झाइम भरपूर. मका-तांदूळ घालायचा असेल तर तोच बरा. मॅरिस ऑटर तुमच्याकडे समुद्र ओलांडून येतो, म्हणून तिथे किमतीचं माझं गणित लागू नाही.

तुमच्या नळात काय येतं

मी तीन वर्षं चुकीचं पोतं घेत होतो म्हटलं, ते इथे. मला लागर आवडते, म्हणून पिल्सनरचं पोतं आणायचो. प्रत्येक लागर जाडसर, जराशी तुरट आणि गढूळ. हॉप्स बदलले, यीस्ट बदललं, फ्रिज बदलला. आमच्याकडच्या केटलमध्ये पंधरा दिवसांत पांढरा थर जमतो, याचा बिअरशी काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.

थेम्सच्या खोऱ्यातलं पाणी खडूच्या डोंगरातून येतं, जड आणि अल्कधर्मी. मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या भरडीचा, पीएच ५.२ ते ५.५ च्या आसपास हवा. काळा भाजलेला माल्ट आम्लधर्मी असतो, तो जड पाण्याला खाली ओढतो; लंडनला पोर्टर आणि डब्लिनला स्टाउट जमली त्यामागे हेही एक कारण. पिल्सनर माल्टमध्ये ती ताकदच नाही. म्हणून पिल्सनर जन्माला आली ती १८४२ मध्ये पिल्झेनला, जिथलं पाणी जवळजवळ पावसाच्या पाण्याइतकं हलकं आहे. मी आता लागरच्या दिवशी निम्मं पाणी रिव्हर्स ऑस्मॉसिसचं घेतो आणि तीन टक्के आम्ल माल्ट घालतो. एक टक्का आम्ल माल्टने पीएच साधारण ०.१ ने उतरतो, हे लक्षात ठेवलं की हिशेब तोंडी होतो.

मावसभावाचं पाणी यॉर्कशरच्या डोंगरातल्या तलावांमधून येतं. हलकं. त्याची केटल चार वर्षांनी पण चकाचक. म्हणजे पिल्सनरला त्याचं घर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, आणि बिटरला उलट त्याने चमचाभर जिप्सम टाकायला हवं. एकाच पोत्याचा सल्ला दोन भावांना वेगळा का, ते यावरून कळावं. दोघांनाही अर्धी कॅम्पडेन गोळी लागतेच, नळातल्या क्लोरिनसाठी.

भरडलेला की अख्खा

आता किस्सा. पहिलं पोतं आणलं तेव्हा अख्खा माल्ट दोन-तीन पौंडांनी स्वस्त होता आणि घरात पुण्याहून आणलेला दणकट मिक्सर होता. चटणीच्या भांड्यातून चार किलो जव काढला. मॅश करून तासाभराने तोटी उघडली, तर दोन थेंब आले आणि बंद. आत पिठलं झालं होतं, अक्षरशः. दाण्याची साल ही मॅशची चाळणी असते. ती अख्खी राहून आतला दाणा फुटला पाहिजे. साल भुकटी झाली की पाणी निथळायला वाटच राहत नाही. शेवटी मी ते बायकोच्या जुन्या ओढणीतून पिळलं, आणि सालीतला तुरटपणा सगळा बिअरमध्ये उतरला. ओढणीचं पुढे काय झालं ते विचारू नका.

पीठ नको, भरड हवी. जात्यावर डाळ भरडतात तशी. मॅश कापडी पिशवीत करत असाल तर भरड थोडी बारीक चालते, कारण चाळणीचं काम पिशवी करते. रोलर असलेली गिरणी घ्यायची तर रोलरमधली फट एक ते सव्वा मिलिमीटर. पण महिन्याला एकदाच बिअर करणाऱ्याने गिरणीच्या भानगडीत पडू नये, दुकानातून भरडून घ्यावा. भरडलेला माल्ट दोन-तीन महिन्यांत संपवायचा. अख्खा कोरड्या जागी वर्षभर राहतो. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच, सहा बिअरी किती दिवसांत करणार? वर्षभर लागणार असतील तर भरडलेलं पंचवीस किलोचं पोतं म्हणजे शेवटच्या दोन बिअरी शिळ्या.

माल्ट सादळतो. चिवडा सादळतो तसाच, आणि तपासायची रीतही तीच. पोतं आलं की पाच दाणे चावून बघा. कुडुम आवाज होऊन आतून पांढरा भुगा निघाला पाहिजे, गोड. दाणा दाताखाली वाकला किंवा चामट लागला तर ओल धरलीय. चांगल्या माल्टमध्ये ओल तीन-चार टक्के असते, पाचाच्या वर गेली की संशय घ्यावा. दाण्यांत बारीक भोकं आणि तळाशी पीठ दिसलं तर सोंडे लागलेत. तांदूळ असता तर उन्हात घातला असता. इथे ऊन कुठून आणणार, परत करा.

एका ऑनलाइन दुकानाने मला एकदा तारीख मागच्या वर्षीची आणि शिवण उसवलेली, असं पोतं पाठवलं होतं. चावून बघायचं सुचलं नाही, सरळ बिअर केली. वीस लिटरला वर्टची घनता १.०४५ अपेक्षित होती (साध्या पाण्याची १.०००), १.०३८ मिळाली. तेव्हापासून पोत्यावरचा बॅच नंबर आधी बघतो. बरेच माल्टवाले त्या नंबरावरून विश्लेषणाचा कागद देतात. त्यात तीन आकडे बघितले तरी पुरे: ओल, अर्क आणि रंग. अर्काचं गणित असं की चांगला बेस माल्ट किलोला ३०० लिटर-अंश (लिटर गुणिले घनतेतले हजारावे भाग) देतो. चार किलोचे १२००. घरच्या मॅशमध्ये त्यातले ७५ टक्के हाती लागतात, म्हणजे ९००. भागिले वीस लिटर, ४५. हाच तो १.०४५.

आणायचा कुठून

तीन वाटा आहेत. पहिली, होमब्रूच्या दुकानातून तीन-पाच किलोच्या पिशव्या. किलोमागे महाग, पण ताज्या आणि हव्या तेवढ्याच. पहिल्या दोन बिअरींना मी हेच सांगेन: एक पिशवी मॅरिस ऑटरची, एक पिल्सनरची. पोतं नंतर. दुसरी, पंचवीस किलोचं पोतं. मी गेल्या पोत्याला भरडाईसह चाळीसएक पौंड दिले, म्हणजे बिअरीमागे साडेसहा. कुरिअरला एकच पोतं परवडतं, दोन मागवली की भाडं वाढतं, तेव्हा दोन भाऊ एक पोतं वाटून घेण्यात शहाणपण. तिसरी वाट लोक विसरतात: गावातली छोटी ब्रुअरी. शनिवारी सकाळी टॅपरूममध्ये जाऊन नीट विचारा, डबा बरोबर न्या. ते टनाने घेतात, आठवड्यात संपवतात, म्हणून माल हमखास ताजा. आमच्या जवळच्या एकाने मला पोतं खरेदीच्या भावात दिलं, वर त्याच दिवशीचं यीस्ट बरणीत भरून दिलं. बदल्यात मी पुढच्या वेळी चकल्या नेल्या.

माल्टवाला कोणता? कॅसलफर्डचे थॉमस फॉसेट, १८०९ पासूनचे, विल्टशरमधलं वॉर्मिन्स्टर, १८५५ चं, नॉरफोकमधलं क्रिस्प. तिघांकडेही अजून फरशीवर जव पसरून हाताने उलटवण्याची जुनी पद्धत काही प्रमाणात चालू आहे. फरशीवरच्या माल्टला जास्त पैसे द्यावेत का? एकदा घेऊन बघा. मला त्यात वाससुद्धा अधिक भरलेला वाटला, पण पोतं इतकं ताजं होतं की श्रेय फरशीचं की ताजेपणाचं ते सांगता येणार नाही. जवळच्या माल्टवाल्याचा ताजा साधा पेल हा दूरच्या नामांकित पण वर्षभर पडलेल्या मॅरिस ऑटरपेक्षा चांगला. एवढं मी पैज लावून सांगतो.

आणि चौथी वाट, जी वाट नाहीच. दर गणपतीला कुणीतरी विचारतं, इंडियन ग्रोसरीत जव मिळतो की स्वस्तात, तो चालेल का? नाही. तो सोललेला, पॉलिश केलेला जव. त्याला मोड आलेले नाहीत आणि आता येणारही नाहीत. एन्झाइम शून्य. भांडंभर खळ होईल. बेस माल्टसोबत दहा टक्के घातला तर फेसाला मदत करतो, एवढंच.

पुण्या-मुंबईहून वाचणाऱ्यांनी उत्साहात येऊन भांडं चुलीवर चढवू नये. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी पिण्यासाठी बिअर करायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही.

मावसभावाचं शेवटी असं ठरलं. पितो लँडलॉर्ड आणि सोनेरी एल, उन्हाळ्यात एखादी लागर. पाणी हलकं. गिरणी नाही. महिन्याला एक बिअर. म्हणून गोल्डन प्रॉमिस, भरडलेला, अर्धं पोतं त्याचं आणि अर्धं ऑफिसमधल्या एका मित्राचं. लागरसाठी पाच किलो पिल्सनर वेगळा, हवा जाणार नाही अशा डब्यात. शनिवारी पोतं आलं तेव्हा तो मावशीशी व्हिडिओ कॉलवर होता. दारातच शिवण उसवून त्याने पाच दाणे तोंडात टाकले आणि मान डोलावली. मावशीला पोतं दिसलं.

“एवढा जव? दळून कुठे आणणार तिकडे?”

“दळायचा नाही गं, भरडूनच आणलाय.”

“मग ठीक,” मावशी म्हणाली, “सत्त्वाला भरडच बरी असते.”